कडी तुटली तर कुऱ्हाड उचलायची का?

मला आलेलं एक पत्र असं आहे (थोडं कमी करून देते आहे):

"ताई, नमस्कार. आम्ही गावापासून दीड किलोमीटरवर वस्तीवर राहतो. घरात मी, बायको, ऐंशी ओलांडलेली आई, सून आणि तीन वर्षांचा नातू. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, शनिवारी येतो. मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवर दरोडा पडला. म्हातारा-म्हातारीला मारलं, म्हातारीच्या कानातलं ओरबाडताना पाळ्या फाटल्या. तेव्हापासून मी उशाला कुऱ्हाड घेऊन झोपतो. झोपतो कसला, जागाच असतो. कुणी म्हणतं घरात घुसलेल्याला मारलं तर काही होत नाही, कुणी म्हणतं जन्मठेप लागते. एक मित्र म्हणाला, बाहेर मारलास तर आत ओढून घे. पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे सरळ गोळी घालतात. रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा विचार आहे, वायर आणून ठेवली आहे. त्यात रस्त्याकडेला भटक्यांची पालं पडली आहेत, ती आल्यापासून डोळ्याला डोळा नाही. आई म्हणते, चोर झाला तरी कुणाच्या पोटचा आहे, जीव घेऊ नको. काय करू?"

दादा,

सगळ्यात आधी ती वायर. जोडू नका. पत्राचं बाकी उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, पण वायर आजच कुंपणापासून लांब नेऊन ठेवा. का, ते पुढे सविस्तर सांगते.

तुमच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. वस्तीवरची रात्र कशी असते ते मला ठाऊक आहे. लाईट गेलेली, उसात खसखस झाली तरी काळजात धस्स होतं, आणि हाक मारली तर ऐकू जाईल असं घर दोन शेतं पलीकडे. म्हातारीच्या फाटलेल्या पाळ्या पाहिलेल्या माणसाला 'कायदा हातात घेऊ नका' एवढंच सांगणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं आहे. कायदाही तसं सांगत नाही. स्वतःचा, घरच्यांचा, अगदी परक्या माणसाचासुद्धा जीव वाचवण्यासाठी हात उचलायचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. गाभा तोच.

तुमच्या कामाची कलमं तीन. कलम ३८ अंगावर येणाऱ्या माणसाबद्दल आहे. हल्ला असा असेल की आता जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी, किंवा बाईवर बलात्काराच्या इराद्याने हात टाकला, किंवा पळवून न्यायचा डाव असेल, तर प्रतिकार करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. दिवस असो की रात्र. तुमच्या सुनेच्या किंवा नातवाच्या अंगावर कुणी धावून आला तर तुम्ही कलमं आठवत बसायचं नाही.

कलम ४१ मालमत्तेबद्दल आहे, आणि पारावर चर्चा होते ती याचीच. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा घरात असं घुसणं की त्यातून कुणाचा जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी, अशा वेळी हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. घरफोडी म्हणजे फक्त कुलूप तोडणं असं समजू नका. भिंत चढून येणं, कौलं काढणं, आतून लावलेली कडी उचकटणं हे सगळं त्यात धरलं जातं. म्हणजे रात्री दोन वाजता पत्रा उचकटून कुणी तुमच्या माजघरात उतरला, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. 'काही होत नाही' म्हणणारे इथपर्यंत बरोबर आहेत.

पण ते इथेच थांबतात, आणि घात तिथेच होतो. कलम ४१ वर कलम ३७ ची वेसण आहे. ते म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. दारात पहार घेतलेला माणूस उभा असताना अर्थातच तेवढा वेळ नसतो. चोर उंबरठ्यावरच तुमची बॅटरी पाहून मागे फिरला, पाठ दाखवून बांधावरून पळत सुटला, तर हक्क तिथेच आटोपला. ऐवज घेऊन पळत असेल तर पाठलाग करून तो हिसकावायला, त्यासाठी लागेल तेवढा जोर लावायला मुभा आहे. कुऱ्हाड फेकून मारायला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, जय देव विरुद्ध पंजाब राज्य, साठच्या दशकातला. शेतजमिनीच्या ताब्यावरून झालेलं भांडण. आरोपींचं म्हणणं, आम्ही स्वतःला वाचवत होतो. पण ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ते तेव्हा लांब पळत होते. न्यायालयाने बचाव मानला नाही. धोका सरला तिथे हक्कही सरला, असा त्या निकालाचा गाभा. त्याच न्यायालयाने अनेक निकालांत दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे: संकटात सापडलेल्या माणसाने प्रत्येक घाव सोनाराच्या काट्यावर तोलून घालावा अशी अपेक्षा करता येत नाही, आणि त्याने भ्याडासारखं पळून जावं असंही कायदा म्हणत नाही. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात ही तत्त्वं एका जागी वाचायला मिळतात. घाबरलेल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा, असं ती न्यायालयांना सांगतात.

हे प्रत्यक्षात कसं ठरतं ते मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात बघितलं आहे. साक्षीदार काय बोलतात त्याआधी शवविच्छेदनाचा अहवाल बोलतो. किती जखमा, कुठे, समोरून की मागून. माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात त्या अहवालात एकच जखम होती, कपाळावर. मध्यरात्र उलटलेली, स्वयंपाकघराचा पत्रा सरकवून एक माणूस आत उतरला. अशिलाने अंधारात पहार मारली, एकदाच, आणि माणूस पडल्यावर पहार टाकून दिली. बायकोने चिमणी पेटवली, त्याने स्वतः पोलीस पाटलाला फोन केला. जखमी माणूस दोन दिवसांनी सिव्हिल हॉस्पिटलात वारला. तो तीन गावं पलीकडचा, डोक्यावर परिणाम झालेला, घर सोडून भटकणारा होता. हातात काही नव्हतं. वेड्या माणसापासूनही स्वतःला वाचवायचा हक्क असतो, कायद्यात तसं स्पष्ट कलम आहे, आज ते ३६ वं. पुराव्याला पुरावा जुळला, अशील निर्दोष सुटला. त्या एका जखमेने त्याला वाचवलं. तशाच दुसऱ्या एका प्रकरणात अहवालात अकरा जखमा होत्या, त्यातल्या चार डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे मी कितीही बोलले तरी ऐकणारं कुणी नव्हतं.

निर्दोष सुटायलाही सहा वर्षं लागली, हे लक्षात असू द्या. माणूस मेला की गुन्हा दाखल होतो, अटकही होऊ शकते, जामिनासाठी धावपळ होते. मग तारखा. 'मी जीव वाचवत होतो' हे आरोपीनेच दाखवायचं असतं. सरकारी पक्षावर असतो तेवढा कडक भार त्याच्यावर नसतो, त्याची बाजू जास्त संभवनीय वाटली तरी पुरतं, पण दाखवावं लागतंच. आणि हक्क होता पण त्याची मर्यादा ओलांडली असं ठरलं, मनात द्वेष नव्हता, आधी ठरवलेलं नव्हतं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो, कलम १०५. तिथेही पाच ते दहा वर्षांची किंवा जन्मठेपेचीसुद्धा शिक्षा होऊ शकते. म्हणजे जन्मठेपेची भीती घालणारेही अगदीच खोटं बोलत नाहीत.

तुमच्या मित्राचा सल्ला वाचून मात्र मला राग आला. 'आत ओढून घे.' हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की कुणाला वाटावं कायद्यातच लिहिलं आहे. मातीवरचा रक्ताचा ओघळ, फरफटल्याच्या खुणा, चपला कुठे पडल्या, हे पंचनाम्यात येतं. खरंच जीव वाचवायला मारलेलं असलं तरी त्या एका लबाडीने सगळं खरं खोटं ठरतं, वर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो. मेलेल्याच्या हातात कोयता देणं, रक्त धुऊन काढणं, हीही त्याच माळेतली. काही घडलंच, तर आहे तसं राहू द्या. ११२ ला फोन करा, आणि तितक्याच तातडीने १०८ ला करून रुग्णवाहिका मागवा. जखमी चोरासाठीच. तो वाचला तर त्याचा जीव वाचला आणि तुमच्यावरचा खुनाचा डागही टळला. काय झालं ते सरळ सांगा, आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाशी बोला.

आता तार. वस्तीवर डुकरांसाठी लोक कुंपणात मेनचा करंट सोडतात, आणि त्याला चिकटून शेजारचा पोर, पाण्याची पाळी द्यायला पहाटे निघालेला भाऊ, कधी स्वतः घरमालकच मरतो. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. चोरासाठी तार लावली म्हणून कायदा वेगळा होत नाही. १९६३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली म्हणून ती आरोपीच्या संडासात जायला लागली. याला ते खपेना. याने वाटेवर उघडी तांब्याची तार बांधून तिच्यात वीज सोडली, पाटी नाही की इशारा नाही. ती बाई मेली. याचं म्हणणं, ती माझ्या जागेत न विचारता आली होती. न्यायालय म्हणालं, न विचारता आलेल्याच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी तुझ्यावर नसेलही, पण त्याच्यासाठी मुद्दाम मरणाचा सापळा लावायचा अधिकार तुला नाही. शिक्षा कायम राहिली. तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम होतं, दोन वर्षांपर्यंतचं. आज तेच कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि अशा प्रकरणांत पोलीस अनेकदा थेट सदोष मनुष्यवध लावतात.

स्वसंरक्षणात तुम्ही समोर असता. कोण आहे, काय करतो आहे, मागे फिरतो आहे का, हे डोळ्यांनी बघून हात उचलता किंवा आवरता. तारेला डोळे नाहीत. दरोडेखोर आणि बोरं वेचायला आलेलं पोर तिला सारखंच. तुमचा नातू तीन वर्षांचा आहे ना? सकाळी बटन बंद करायचं एक दिवस राहून गेलं तर कुंपणापाशी पहिला कोण जाईल? कुंपण हवंच असेल तर बाजारात मिळणारं बॅटरीवरचं झटका मशीन बसवून घ्या, नीट माणसाकडून, पाट्या लावून. त्याचा झटका क्षणभराचा असतो, माणूस मागे सरकतो. मेनची वायर त्याला जोडू नका, तसं करणारे महाभाग असतात म्हणून मुद्दाम सांगते.

मोटर आणि केबलचंही याच ओघात. उघड्या शेतातून रात्री केबल कापून नेणारा चोर आहे, तुमचं हजारोंचं नुकसान करतो, भर उन्हाळ्यात पीक वाळतं. पण ती साधी चोरी. त्यासाठी जीव घ्यायचा हक्क कायदा देत नाही, आणि मीही देणार नाही. तांब्याची किंमत भरून निघते.

पुतण्याला हे जरूर सांगा. १९९२ साली अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात, शिकायला आलेला १६ वर्षांचा एक जपानी मुलगा मित्राबरोबर हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घराची बेल वाजवून बसला. घरमालकाने बंदूक रोखून 'फ्रीज', म्हणजे जागचा हलू नकोस, असं दरडावलं. मुलाला त्या शब्दाचा तिथला अर्थ उमगला नाही, तो पार्टीला आलोय असं सांगत पुढे आला. छातीत गोळी. फौजदारी खटल्यात मालक सुटला, नंतर दिवाणी न्यायालयाने त्याला साडेसहा लाख डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला लावली. पुतण्या म्हणतो तो कायदा तिथे काही राज्यांत आहे हे खरं. पण त्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघा. उद्या तुमचाच मुलगा शनिवारऐवजी शुक्रवारी रात्री एक वाजता आला, मोबाईलची बॅटरी संपली म्हणून मागच्या दाराची कडी बाहेरून हलवायला लागला, तर उशाची कुऱ्हाड त्याला ओळखेल का? म्हणून हात उचलण्याआधी हाक. 'कोण आहे?' मोठ्याने, दोनदा. बॅटरीचा उजेड तोंडावर मारा. चोर पुष्कळदा तेवढ्यानेच पळतो, आणि घरचा माणूस 'अप्पा, मी आहे' म्हणतो.

पालांबद्दल लिहिलंत त्यावर मला गप्प बसता येत नाही. दरोडा पालावरच्या माणसांनी घातला असं तुम्हाला पोलिसांनी सांगितलं आहे का? पत्रात तरी तसं नाही. फक्त पालं पडली आणि झोप उडाली. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून सबंध जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का आपल्या डोळ्यांत राहिला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात अशाच अफवेवर दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. मारणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आपण गाव वाचवतो आहोत असंच मानलं असणार. पालावरही तुमच्या आईच्या वयाची म्हातारी आणि तुमच्या नातवाएवढं पोर झोपलेलं असतं, आणि त्यांच्या दाराला कडीसुद्धा नसते.

चोर जिवंत हाती लागला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. साधा माणूसही त्याच्यासमोर दरोडा-घरफोडीसारखा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडून ठेवू शकतो. नव्या कायद्याप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. हात बांधले की धोका संपला. त्यानंतर खांबाला बांधून घातलेली प्रत्येक लाथ हा तुमचा गुन्हा, आणि त्या वेळी गर्दीत कुणी कितवी लाथ घातली हे कुणी मोजत नाही. गाव जमलं असेल तर त्याच्या पुढ्यात तुम्ही उभे राहा. हे सोपं नाही हे मला कळतं.

आता झोपेचं बघू. आई, बायको, सून आणि नातू एका आतल्या खोलीत झोपू द्या, जिला आतून मजबूत अडसर लावता येईल. काही वाजलं की चौघांनी दार लावून घ्यायचं आणि सुनेने फोन करायचा, हे आधी ठरवा, एकदा करून बघा. तिच्या फोनमध्ये ११२, पोलीस पाटील आणि जवळच्या तीन वस्त्यांचे नंबर वरती असू द्या. तुमच्या भागात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू असेल तर घरातला प्रत्येक फोन तिच्यात नोंदवा, एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो. दारावर उजेड पाडणारा सौर दिवा लावा, माणूस आला की पेटणारा. कुत्रं पाळा. सोनं वस्तीवर ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि नाहीये हे चारचौघांत बोलून दाखवा. दरोडेखोर दाराबाहेर पाच असतील आणि मागत असतील ते दागिने असतील, तर देऊन टाका. तुम्ही एकटे आहात.

कुऱ्हाड उशाला नको. झोपेतून दचकून उठलेल्या हातात ती आधी जाते आणि डोळे नंतर उघडतात. दाराच्या आत कोपऱ्यात एक मजबूत काठी आणि मोठी बॅटरी पुरे. बॅटरी डाव्या हाताला.

राहिलं आईचं म्हणणं. त्या अशिलाच्या घरी मी निकालानंतर पेढे घ्यायला गेले होते. पेढे त्याच्या बायकोने दिले. तो ओट्यावर बसला होता. ती म्हणाली, सहा वर्षं झाली, हे रात्री उठतात, कडी काढतात आणि बाहेर जाऊन बसतात, कुणी यायचंय असं. न्यायालयाने त्याला दोषी धरलं नाही. मीही धरत नाही, त्याच्या जागी मी असते तर पहार उचललीच असती. पण त्या माणसाला एक तरी हाक मारायला हवी होती का, हे तो आजही मला विचारतो, आणि मला उत्तर देता येत नाही. तुमची आई तुम्हाला चोराला सोडून द्या म्हणत नसावी. तिला त्या ओट्यावर तुम्ही बसलेले बघायचं नाही.

नातवाच्या अंगावर कुणी आलं तर ती पण काठी उचलेल, विचारून बघा.

वायर काढलीत की दोन ओळी लिहून कळवा. मला चैन पडणार नाही.

तुमची,
ताई